शेंडेनक्षत्राला तारीख देणारा माणूस

आकाशात शेंडेनक्षत्र दिसले की राजा मरतो, दुष्काळ पडतो, साथ येते, ही समजूत जगाच्या पाठीवर जवळपास सर्वत्र होती. आपला देशही त्याला अपवाद नव्हता. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त केतूंसाठी स्वतंत्र अध्याय खर्ची घातला. केतूंचे आकार, रंग, दिशा आणि त्यांची शुभाशुभ फळे यांची बारकाईने केलेली वर्गवारी त्यात आढळते. मात्र त्याच अध्यायाच्या आरंभी या थोर गणितज्ञाने एक प्रांजळ कबुलीही दिली आहे. केतू केव्हा दिसेल आणि केव्हा मावळेल, हे गणिताने कळणे शक्य नाही, असे त्याने नमूद केले. ग्रहणाची वेळ आधी वर्तवणारे शास्त्र धूमकेतूपुढे हात टेकत होते. पुढची हजार-अकराशे वर्षे जगभर हीच स्थिती कायम राहिली.

ती बदलली लंडनमधील एका श्रीमंत साबण उत्पादकाच्या मुलामुळे. एडमंड हॅले हे त्याचे नाव. १६८२ साली दिसलेला धूमकेतू १७५८ मध्ये परत येईल, असे त्याने १७०५ साली छापून प्रसिद्ध केले. तो क्षण पाहायचा तर त्याला वयाची शंभरी ओलांडावी लागली असती, आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक होते. आपण हयात नसताना आपले म्हणणे खरे की खोटे हे जग ठरवणार, अशा कसोटीवर त्याने आपले नाव लावले. आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेल्या 'हॅलेच्या धूमकेतू'मागे जिज्ञासा, चिकाटी आणि दुसऱ्याच्या कामाविषयीचा आदर यांनी भरलेले एक विलक्षण आयुष्य उभे आहे.

पदवी सोडून बेटावर

हॅलेचा जन्म आजच्या दिनदर्शिकेनुसार ८ नोव्हेंबर १६५६ रोजी लंडनजवळच्या हॅगरस्टन येथे झाला. वडिलांचेही नाव एडमंडच. घरात पैसा होता आणि मुलाच्या आवडीसाठी तो खर्च करण्याची वडिलांची तयारीही होती. सेंट पॉल्स शाळेत शिकत असतानाच त्याला आकाशाचे वेड लागले. १६७३ मध्ये तो ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाला, तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची उत्तम उपकरणे होती.

उत्तर गोलार्धातील ताऱ्यांच्या याद्या त्या काळी युरोपातील मातब्बर खगोलवेत्ते तयार करत होते. दक्षिणेचे आकाश मात्र दुर्बिणीने मोजले गेले नव्हते. हॅलेने ही उणीव हेरली आणि १६७६ मध्ये, पदवी न घेताच, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेट गाठले. राजा दुसरा चार्ल्स याची शिफारस पाठीशी होती आणि खर्चासाठी वडिलांनी वर्षाला ३०० पौंड देऊ केले होते. बेटावरील ढगाळ हवेने त्याची सतत परीक्षा पाहिली. तरीही ३४१ ताऱ्यांची स्थाने निश्चित करून तो १६७८ मध्ये परतला. राजाज्ञेने ऑक्सफर्डने त्याला परीक्षेविना पदवी दिली आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व बहाल केले.

याच बेटावरून १६७७ मध्ये त्याने सूर्यबिंबावरून सरकणारा बुध पाहिला. अशा अधिक्रमणाच्या वेळा पृथ्वीच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून नोंदवल्या, तर सूर्याचे अंतर काढता येईल, ही कल्पना त्यातूनच त्याच्या मनात रुजली. शुक्राचे अधिक्रमण यासाठी अधिक सोयीचे आहे, हे त्याने १७१६ साली सविस्तर मांडले आणि १७६१ च्या अधिक्रमणासाठी पुढच्या पिढीने सज्ज राहावे, असे आवाहन केले. तेही त्याच्या हयातीत घडणार नव्हते. त्या हाकेला प्रतिसाद देऊन १७६१ आणि १७६९ मध्ये अनेक देशांचे निरीक्षक जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. ल जांतिय नावाचा फ्रेंच खगोलवेत्ता तर यासाठी थेट पाँडिचेरीकडे निघाला होता. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ रोजी महाराष्ट्रातील खगोलप्रेमींनी काळ्या चष्म्यांतून जे शुक्राचे अधिक्रमण पाहिले, त्याच घटनेची ही पूर्वपीठिका.

दोन धूमकेतू

इकडे छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन होऊन काही महिने लोटले होते. १६८० च्या अखेरीस एक अतिशय तेजस्वी धूमकेतू आकाशात अवतरला. हॅले त्या वेळी फ्रान्सच्या प्रवासात होता. पॅरिसच्या वेधशाळेत कॅसिनीसोबत त्याने तो पाहिला आणि त्याच्या मार्गाचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला. पण काही केल्या तो जुळेना. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात, हे केप्लरने दाखवून दिले होते. धूमकेतू मात्र सरळ रेषेत जातात, असे खुद्द केप्लरचेच मत होते. ते सूर्याला वळसा घालतात की सौरमालेतून एकदाच जाणारे पाहुणे असतात, याविषयी एकमत नव्हते.

दोन वर्षांनी, १६८२ च्या सप्टेंबरात, आणखी एक धूमकेतू दिसला. हॅलेचा नुकताच मेरी टूक हिच्याशी विवाह झाला होता आणि लंडनजवळच्या इस्लिंग्टनमध्ये त्याने घरीच छोटी वेधशाळा थाटली होती. हा धूमकेतू आधीच्याइतका दिमाखदार नव्हता. हॅलेने त्याची स्थाने टिपून ठेवली. त्या टिपणांचा अर्थ लावण्याचे साधन मात्र त्या घडीला जगात कोणाजवळच उपलब्ध नव्हते.

न्यूटनच्या दारी

ते साधन केंब्रिजमध्ये एका एकलकोंड्या प्राध्यापकाच्या कागदांत पडून होते. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात सूर्य ग्रहांना ओढत असेल, तर ग्रहाचा मार्ग कोणत्या आकाराचा होईल, या प्रश्नावर १६८४ च्या जानेवारीत हॅले, रॉबर्ट हूक आणि ख्रिस्तोफर रेन यांच्यात चर्चा रंगली. सिद्धता आणून देणाऱ्यास ४० शिलिंगांचे पुस्तक बक्षीस देण्याची तयारी रेनने दाखवली. मुदत टळली, पण सिद्धता काही आली नाही. त्याच वसंतात हॅलेवर घरगुती आघात झाला. त्याचे वडील घरातून बेपत्ता झाले आणि काही आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला. मालमत्तेचे तंटे त्याच्या मागे लागले.

तरीही ऑगस्टमध्ये हॅले केंब्रिजला गेला आणि आयझॅक न्यूटनपुढे त्याने तोच प्रश्न ठेवला. उत्तर तत्काळ मिळाले: लंबवर्तुळ. न्यूटनने ते गणित पूर्वीच केले होते. कागद मात्र सापडत नव्हता. गणित पुन्हा लिहून पाठवण्याचे वचन घेऊनच हॅले परतला. नोव्हेंबरात काही पानांचा एक निबंध हाती पडताच त्याचे मोल ओळखणारा पहिला वाचक हॅलेच ठरला. त्याने न्यूटनला हे सारे ग्रंथरूपाने लिहिण्यास उद्युक्त केले.

या ग्रंथाच्या मार्गात अडचणी कमी नव्हत्या. हूकने या शोधाचे श्रेय मागितले आणि संतापलेल्या न्यूटनने तिसरा खंड मागे घेण्याची धमकी दिली. धूमकेतूंच्या कक्षा काढण्याची रीत नेमकी त्याच खंडात होती. हॅलेने मनधरणी करून न्यूटनची समजूत काढली. रॉयल सोसायटीने माशांच्या इतिहासावरील एका सचित्र ग्रंथावर तिजोरी रिकामी केली होती. त्यामुळे 'प्रिन्सिपिया'च्या छपाईचा भार हॅलेनेच उचलला. मुद्रिते तपासली, आकृत्या करवून घेतल्या आणि जुलै १६८७ मध्ये हा युगप्रवर्तक ग्रंथ जगापुढे आणला. त्याच सुमारास सोसायटीने त्याच्या ५० पौंडांच्या वेतनाऐवजी त्याच्या हाती न विकल्या गेलेल्या मत्स्यग्रंथाच्या प्रती ठेवल्या.

चोवीस ओळींचा तक्ता

न्यूटनने रीत दिली. ती राबवण्याचे कष्ट हॅलेने घेतले. धूमकेतूची कक्षा निश्चित करायची, तर काही मोजक्या गोष्टी कळाव्या लागतात. तो सूर्याच्या सर्वांत जवळ केव्हा आला, तेव्हा त्याचे अंतर किती होते, कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या कक्षेशी किती अंशांनी कललेले आहे, ती दोन प्रतले कोणत्या दिशेला छेदतात आणि सूर्याजवळचा बिंदू कोणत्या दिशेला आहे. पृथ्वीवरून धूमकेतूची नुसती दिशा दिसते, अंतर दिसत नाही. त्यात ज्या पृथ्वीवरून पाहायचे तीच फिरत असते. त्यामुळे वेगवेगळ्या रात्रींच्या नोंदींवरून खरा मार्ग उकलणे हे अत्यंत किचकट काम होते, आणि हॅलेला ते कागद, लेखणी व आकडेमोडीची कोष्टके एवढ्याच बळावर करायचे होते.

जुन्या नोंदी गोळा करणे त्याहून अवघड होते. १५३१ च्या धूमकेतूचे वेध जर्मनीतील पीटर आपियानने घेतले होते. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, ही गोष्टही त्याने टिपली होती. १६०७ च्या धूमकेतूच्या नोंदी केप्लरच्या होत्या. १६८२ चे सर्वांत काटेकोर वेध राजज्योतिषी फ्लॅमस्टीडजवळ होते. पण त्याचे आणि हॅलेचे मुळीच पटत नसे. १६९१ मध्ये ऑक्सफर्डमधील खगोलशास्त्राचे अध्यापकपद हॅलेला नाकारले गेले. त्याच्या धर्मश्रद्धेविषयी शंका घेतल्या जात होत्या आणि विरोध करणाऱ्यांत फ्लॅमस्टीडही होता. त्याचे आकडे मिळवण्यासाठी १६९५ मध्ये हॅलेला न्यूटनची मध्यस्थी घ्यावी लागली.

अशा रीतीने १३३७ ते १६९८ या काळातील २४ धूमकेतूंच्या कक्षा त्याने काढल्या आणि १७०५ मध्ये एका लहानशा पुस्तिकेत त्यांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्या तक्त्यातील तीन ओळी एकमेकींशी कमालीच्या जुळत होत्या. १५३१, १६०७ आणि १६८२. तिन्ही कक्षांचा कल १७ ते १८ अंश, तिन्ही धूमकेतू ग्रहांच्या उलट दिशेने फिरणारे आणि तिन्हींचे सूर्यापासूनचे किमान अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सहा दशांशाच्या आसपास. हे तीन धूमकेतू नसून एकाच धूमकेतूच्या तीन फेऱ्या आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला.

एक गोष्ट मात्र खटकणारी होती. पहिल्या दोन फेऱ्यांत ७६ वर्षांहून थोडा अधिक काळ गेला होता, तर पुढच्या दोहोंत ७५ वर्षांहून थोडा कमी. एकाच कक्षेत फिरणारी वस्तू वेळ कशी चुकवेल? गुरूसारखा अवाढव्य ग्रह वाटेत आला की त्याच्या ओढीने धूमकेतूची गती बदलते, हे हॅलेने ओळखले. म्हणूनच त्याने पुढच्या आगमनाचा नेमका दिवस न देता वर्ष दिले, आणि नंतर गुरूचा परिणाम अजमावून १७५८ ची अखेर किंवा १७५९ चा आरंभ अशी त्यात दुरुस्ती केली.

हॅलेचे सर्वच तर्क बरोबर आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १६८० चा तेजस्वी धूमकेतू ५७५ वर्षांनी परत येतो, असे त्याला वाटत होते. त्याची कक्षा प्रत्यक्षात हजारो वर्षांची आहे. १५३२ आणि १६६१ चे धूमकेतू एकच असावेत, असाही त्याचा कयास होता. पण त्या हिशेबाने १७८९-९० च्या सुमारास अपेक्षित असलेला धूमकेतू आलाच नाही. १६६१ मध्ये दिसलेला धूमकेतू थेट २००२ साली परतला आणि इकेया-झांग या नावाने ओळखला जाऊ लागला. मात्र तीनपैकी जो एक अंदाज त्याने सर्वांत भक्कम आधारावर मांडला होता, तो इतिहास घडवून गेला.

समुद्र, वारे आणि चंद्र

हॅलेला केवळ धूमकेतूवाला म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. १६८६ मध्ये त्याने व्यापारी वारे आणि मोसमी वारे दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला. असा नकाशा त्यापूर्वी झाला नव्हता. अरबी समुद्रावर ऋतूनुसार दिशा बदलणारे जे वारे दर जूनमध्ये कोकणात पाऊस आणतात, ते त्यात दाखवलेले होते. या वाऱ्यांचे मूळ सूर्याच्या उष्णतेत आहे, हे त्याने बरोबर ताडले. बाकीच्या स्पष्टीकरणात पुढे सुधारणा झाल्या. १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातील जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून त्याने कोणत्या वयात मरणाची शक्यता किती, याचा तक्ता मांडला. आजच्या आयुर्विम्याच्या हप्त्यांचे गणित याच वाटेने पुढे विकसित झाले. पाण्याखाली उतरण्याची घंटा तयार करून तो स्वतः त्यात बसून समुद्रतळाशी गेला.

१६९८ ते १७०० या काळात 'पॅरामोर' या छोट्या जहाजाचा कप्तान म्हणून त्याने अटलांटिकच्या सफरी केल्या. होकायंत्राची सुई ठिकठिकाणी खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, हे मोजणे हा त्यांचा हेतू होता. पहिल्या सफरीत हाताखालच्या अधिकाऱ्याने आज्ञाभंग केला, दुसरीत दक्षिणेकडील हिमनगांनी जहाज संकटात आणले. तरीही १७०१ मध्ये त्याने समान विचलनाच्या रेषा दाखवणारा नकाशा सिद्ध केला. १७१८ मध्ये व्याध, स्वाती आणि रोहिणी या ताऱ्यांची स्थाने प्राचीन ग्रीक नोंदींशी ताडून, अढळ मानले जाणारे तारेही सरकतात, हे त्याने दाखवून दिले. इथेही त्याची पद्धत तीच होती: जुन्या माणसांच्या नोंदी फेकून न देता त्यांना आजच्या आकड्यांशेजारी ठेवणे.

ऑक्सफर्डने १७०४ मध्ये त्याला भूमितीचे प्राध्यापकपद दिले. फ्लॅमस्टीडच्या निधनानंतर १७२० मध्ये तो राजज्योतिषी झाला, तेव्हा ग्रीनिचची वेधशाळा ओकीबोकी होती. तेथील उपकरणे फ्लॅमस्टीडच्या मालकीची असल्याने त्याच्या पत्नीने ती नेली होती. ५०० पौंडांच्या अनुदानातून हॅलेने नवी उपकरणे आणली आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी १८ वर्षांचे एक काम हाती घेतले. चंद्राच्या गतीतील बारकावे साधारण तेवढ्या काळाने पुन्हा येतात. ते पूर्ण चक्र वेधून समुद्रावर रेखांश काढण्यास मदत करायची, हा त्याचा उद्देश होता. त्याने ते चक्र पूर्ण केले. जानेवारी १७४२ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. लंडनजवळ ली येथील चर्चच्या आवारात पत्नी मेरीशेजारी तो विसावला आहे.

दिलेला शब्द

मृत्यूनंतर सोळा वर्षांनी कसोटीचा क्षण आला. फ्रान्समधील गणितज्ञ अलेक्सी क्लेरो याने खगोलवेत्ता लालांद आणि निकोल-रेन लपोत या गणिती स्त्रीच्या साहाय्याने गुरू आणि शनी यांच्या ओढीचा सूक्ष्म हिशेब मांडला. ही आकडेमोड अनेक महिने सकाळपासून रात्रीपर्यंत चालली होती. धूमकेतूला मागच्या फेरीपेक्षा ६१८ दिवस उशीर होईल, त्यातील ५१८ दिवस गुरूमुळे आणि १०० दिवस शनीमुळे, असा निष्कर्ष निघाला. धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास, महिनाभर मागेपुढे, सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, असे क्लेरोने नोव्हेंबर १७५८ मध्ये जाहीर केले.

२५ डिसेंबर १७५८ च्या रात्री जर्मनीत ड्रेस्डेनजवळ राहणाऱ्या पालिच या शेतकऱ्याला आपल्या दुर्बिणीतून एक धूसर ठिपका दिसला. तोच हा धूमकेतू होता. १३ मार्च १७५९ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ पोहोचला. क्लेरोचा अंदाज महिनाभराच्या मर्यादेत उतरला आणि हॅलेचा शब्द खरा ठरला. धूमकेतूला हॅलेचे नाव देण्यात आले. भाकीत खरे ठरले, तर ते एका इंग्रजाने केले होते याची पुढच्या पिढ्यांनी आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा हॅलेने लिहून ठेवली होती.

मराठी इतिहासाच्या पटावर या फेऱ्या ठेवल्या, तर काळाचे अंतर चटकन ध्यानात येते. १६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराज गादीवर होते. १७५९ मध्ये पेशवाई नानासाहेबांची होती आणि पानिपत दोन वर्षांवर आले होते. १८३५ मध्ये मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी मराठी वृत्तपत्राचा पाया नुकताच घातला होता. १९१० मध्ये लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. त्या वर्षी पृथ्वी धूमकेतूच्या शेपटीतून जाणार आणि तिच्यातील विषारी वायूने जीवसृष्टी नष्ट होणार, अशा अफवेने पाश्चात्य शहरांत घबराट उडाली; भोंदूंनी त्यावर उतारा म्हणून गोळ्याही विकल्या. प्रत्यक्षात कोणाला काहीही झाले नाही, कारण शेपटी कमालीची विरळ असते. धूमकेतूची तारीख कळली म्हणून त्याची भीती एका दिवसात जात नाही, याची ती साक्ष होती.

ठिपक्याचा पाठलाग

हॅलेने सुरू केलेले काम आजही चालू आहे. १९१० च्या फेरीसाठी इंग्लंडच्या कॉवेल आणि क्रॉमेलिन यांनी केलेल्या हिशेबात सुमारे तीन दिवसांची चूक राहिली. तिचे कारण पुढे उलगडले. धूमकेतूचे केंद्र म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा असतो, ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल याने १९५० मध्ये मांडली. सूर्याच्या उष्णतेने बर्फाची थेट वाफ होते, तिचे झोत बाहेर पडतात आणि त्या धक्क्याने धूमकेतूचा वेग किंचित बदलतो.

तेजाचे गणितही याच बर्फात दडलेले आहे. ग्रहाचे तेज मुख्यत्वे त्याच्या अंतरांवर ठरते. धूमकेतू सूर्याजवळ येतो तेव्हा वायू आणि धूळ अधिकाधिक बाहेर पडत असल्याने त्याचे तेज अंतराच्या नियमापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढते. किती झपाट्याने, हे प्रत्येक धूमकेतूचे निराळे असते. म्हणूनच स्थानाचे भाकीत अचूक येते आणि तेजाचे अनेकदा फसते. त्यासाठी रोजच्या नोंदी लागतात. हौशी निरीक्षक त्या साध्या युक्तीने घेतात. दुर्बिणीची नाभी थोडी बिघडवून आजूबाजूचे तारे धूमकेतूएवढे धूसर करायचे आणि कोणत्या ताऱ्याशी त्याचे तेज जुळते ते पाहायचे. ताऱ्याची दृश्यप्रत, म्हणजे तेजाचा क्रमांक, ठाऊक असल्याने धूमकेतूचीही कळते. हा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक.

१९८६ च्या फेरीपूर्वी १६ ऑक्टोबर १९८२ रोजी अमेरिकेतील पालोमार वेधशाळेने हॅलेचा धूमकेतू पुन्हा टिपला, तेव्हा त्याची दृश्यप्रत २४ च्या पुढे होती. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधूक ताऱ्याहून तो कोट्यवधी पटींनी फिका होता. ९ फेब्रुवारी १९८६ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला. पण तेव्हा पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला असल्याने शहरांतील असंख्य लोकांची निराशा झाली. १४ मार्चला युरोपच्या 'जोत्तो' यानाने सुमारे ६०० किलोमीटरवरून त्याचे केंद्र पाहिले. पंधरा किलोमीटर लांबीचे, कोळशासारखे काळे असे ते निघाले. १९९१ मध्ये, सूर्यापासून खूप दूर गेल्यावरही, तो अचानक शेकडो पटींनी उजळला. २००३ मध्ये चिलीतील मोठ्या दुर्बिणींनी त्याला पुन्हा शोधले, तेव्हा दृश्यप्रत २८ झाली होती.

डिसेंबर २०२३ मध्ये हा धूमकेतू नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे, सूर्यापासून सुमारे ५२५ कोटी किलोमीटरवर, आपल्या कक्षेच्या टोकाला पोहोचला. तेथे त्याचा वेग सेकंदाला जेमतेम एक किलोमीटर होता. सूर्याजवळ तो ५४ किलोमीटरच्या आसपास असतो. आता तो परतीच्या वाटेवर आहे. २८ जुलै २०६१ रोजी तो पुन्हा सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, आणि या वेळी पृथ्वी त्याच बाजूला असल्याने १९८६ पेक्षा बराच तेजस्वी दिसेल, असे आजचे गणित सांगते. त्या दिवसांत कोकणपट्टीवर भर पावसाळा असेल, ही अडचण मात्र कोणत्याही गणिताने टळणारी नाही.

तोवर त्याची ओळख दरवर्षी दोनदा करून घेता येते. हॅलेच्या धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जाते. त्या वेळी अनुक्रमे कुंभ आणि मृग या तारकासमूहांच्या दिशेने उल्का येताना दिसतात. घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा असो की डोंबिवलीजवळचा, रस्त्यांच्या आणि संकुलांच्या झगमगाटात मोजक्या तेजस्वी उल्काच नजरेस पडतील. मध्य रेल्वेने वांगणीसारख्या ठिकाणी गेल्यास आकाश अधिक काळे मिळते. पहाटेपूर्वीचे दोन तास त्यासाठी उत्तम. दुर्बीण लागत नाही. वही, घड्याळ आणि किती वाजता कोणत्या दिशेला किती उल्का दिसल्या याची प्रामाणिक नोंद एवढे पुरते.

आपियान आणि केप्लर यांनी अशाच नोंदी केल्या होत्या. आपल्या आकड्यांतून पुढे कोणी काय शोधील, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हॅलेने त्या नोंदी वाचल्या आणि पुढचा शब्द आपल्यानंतरच्या लोकांवर सोपवला. २०६१ मध्ये आज दहा-बारा वर्षांची असलेली मुले पन्नाशीकडे झुकलेली असतील. त्यांनी तेव्हा कुठे पाहायचे, हे आजच ठरलेले आहे.